कॅमेऱ्याची शिदोरी

भिवंडी हे गाव विजेवर चालते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. यंत्रमागांचा खडखडाट सुरू असला की गाव कामाला लागले आहे असे समजावे, आणि तो एकाएकी थांबला की वीज गेली असे समजावे. त्यासाठी दिव्याकडे पाहण्याची गरज नसते. ज्यांनी भारनियमनाची वर्षे काढली आहेत त्यांना वीज नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. परंतु आज ज्या विजेविषयी बोलावयाचे आहे ती तारेतून येणारी वीज नव्हे. ती आहे मुठीत मावणारी आणि खिशात घालून नेता येणारी वीज, म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी. तिच्याच जोडीला कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूने जोडतात त्या बॅटरी-ग्रिपचाही विचार करू.

हा शहरी हौशी लोकांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण लग्नसराईत पडघा, अनगाव, अंबाडी, खारबाव अशा कुठल्याही बाजूला जा. मांडवात मोठा कॅमेरा घेऊन उभा असलेला तरुण बहुधा आसपासच्या गावचाच असतो. शेतीला किंवा मागाच्या कामाला जोड म्हणून त्याने हा धंदा धरलेला असतो, आणि कॅमेरा पुष्कळदा हप्त्याने घेतलेला असतो. आपल्याकडची हळद रात्र रात्र चालते आणि दुसऱ्या दिवशी लग्न असते. इतक्या वेळात कॅमेऱ्याला विश्रांती नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. नेमका त्याच वेळी कॅमेरा मिटला, तर तो क्षण पुन्हा मागून मिळत नाही. ठरलेल्या पैशांत कपात होते, आणि चार गावांत नाव जाते ते वेगळेच. तेव्हा हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे.

पूर्वी ही अडचण नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो हाताने दांडी फिरवून चालणाऱ्या कॅमेऱ्यावर टिपलेला होता. चालवणाऱ्याचा दंड हीच त्या कॅमेऱ्याची बॅटरी! पुढेही कित्येक वर्षे फिल्मच्या अनेक कॅमेऱ्यांत झडप स्प्रिंगच्या जोरावर उघडत-मिटत असे. बटणाएवढा सेल असलाच तर तो उजेड मोजण्यापुरता, आणि तो संपला तरी फोटो निघत असे. डिजिटल कॅमेरा मात्र जन्मापासूनच बॅटरीचा अंकित आहे. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात निकेल-कॅडमियमचे १६ सेल घातलेले होते, आणि एक लहानसे काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरवून घ्यायला त्याला २३ सेकंद लागत. तेथपासून आजवर विज्ञान पुष्कळ पुढे आले. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हलक्या वजनात भरपूर वीज साठवणारी ही बॅटरी ज्यांच्या संशोधनातून आली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोबाइलमध्ये आणि कॅमेऱ्यात असते ती याच जातीची बॅटरी.

आता बॅटरीवर काय लिहिलेले असते ते पाहू. कॅनन कंपनीच्या अनेक मोठ्या कॅमेऱ्यांना चालणारी ‘एलपी-ई६एन’ ही बॅटरी घ्या. तिच्यावर ७.२ व्होल्ट आणि १८६५ मिलिअँपिअर-अवर असे आकडे असतात. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणली की हे आकडे बोलू लागतात. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. तो दाब म्हणजे व्होल्ट. टाकीत पाणी किती मावते तो झाला मिलिअँपिअर-अवरचा आकडा. दोहोंचा गुणाकार केला की एकूण साठा निघतो. या बॅटरीत तो सुमारे साडेतेरा वॅट-अवर भरतो. म्हणजे घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा या बॅटरीवर दीड तास जळेल. एवढ्याशा शिदोरीवर कॅमेऱ्याला शेकडो फोटो काढायचे असतात.

ही शिदोरी खाणारी तोंडे किती आहेत तेही पाहा. चित्र टिपणारा सेन्सर, त्याचे गणित करणारा प्रोसेसर, मागचा पडदा, नेम साधणाऱ्या भिंगाची मोटर, कार्डावरचे लेखन, आणि चालू राहिलेच तर वायफाय. आरशाच्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात, ज्याला डीएसएलआर म्हणतात, आपण डोळा लावून पाहतो ते भिंगातून आलेले खरे दृश्य असते. त्याला वीज जवळजवळ लागत नाही. नव्या, बिनआरशाच्या कॅमेऱ्यात मात्र डोळ्यासमोर एक लहान पडदाच असतो, आणि कॅमेरा चालू आहे तोवर सेन्सर व पडदा दोघेही जागे असतात. परिणाम काय होतो? २०१७ साली आलेला निकॉनचा ‘डी ८५०’ हा आरशाचा कॅमेरा ठरावीक चाचणीत एका बॅटरीवर १८४० फोटो काढतो. २०१३ साली आलेला सोनीचा ‘अल्फा ७’ हा बिनआरशाचा कॅमेरा सुमारे ३४० काढतो. सोनीच्या त्या बॅटरीचा साठा निकॉनच्या बॅटरीच्या निम्म्याहून थोडा जास्त होता, पण फोटो मात्र पाचव्या हिश्शाहूनही कमी. पुढे सोनीने बॅटरी मोठी केली, आणि २०१८ सालच्या ‘अल्फा ७’च्या तिसऱ्या आवृत्तीत हा आकडा ७०० च्या वर गेला. आरशाचा कॅमेरा विकून बिनआरशाचा घेणाऱ्याने जुन्याच हिशेबाने बॅटऱ्या नेल्या तर मध्यरात्री फसगत होते, ती यामुळे. हे चाचणीचे आकडेही जसेच्या तसे धरू नयेत. ती चाचणी सुमारे २३ अंश तापमानात, ठरावीक अंतराने एकेक फोटो काढून करतात. भराभर फोटो काढले तर संख्या पुष्कळ वाढते. पडदा सतत चालू ठेवला किंवा व्हिडिओ घेतला, तर ती घटते.

आता ग्रिपकडे वळू. मागावर धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो आणि भरलेली कांडी घालावी लागते, हे भिवंडीकरांना सांगायला नको. कॅमेऱ्यातली बॅटरी म्हणजे ती कांडी, आणि ग्रिप म्हणजे दुसरी भरलेली कांडी आधीच जोडून ठेवण्याची सोय. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या ‘५डी’ मालिकेत, कॅमेऱ्याच्या बॅटरीचे झाकण काढून ग्रिपचा खांब त्या खोबणीत सरकवतात, आणि दोन बॅटऱ्या ग्रिपमध्ये बसवतात. निकॉनच्या ‘डी ७००’ किंवा ‘डी ८५०’मध्ये मूळची बॅटरी कॅमेऱ्यातच राहते आणि ग्रिपमध्ये आणखी एक बसते. कॅमेरा उभा धरला असता हाताला सापडेल असे दुसरे बटणही बहुतेक ग्रिपला असते. बहुतेक म्हणण्याचे कारण असे की, २०१९ साली निकॉनने ‘झेड ६’ आणि ‘झेड ७’साठी काढलेल्या ग्रिपला असे बटणच नव्हते, तिच्यात केवळ बॅटऱ्या होत्या. म्हणून पैसे टाकण्यापूर्वी ग्रिप हातात घेऊन पाहावी.

ग्रिप लावली की कॅमेरा जोरात चालतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. निकॉन ‘डी ७००’ एका सेकंदात ५ फोटो काढतो. ग्रिपमध्ये ११.१ व्होल्टची मोठी बॅटरी किंवा पेन्सिल सेल म्हणतात तसले ८ सेल घातले तर ८ फोटो काढतो. ‘डी ८५०’ तसाच ७ वरून ९ वर जातो. पण याच ग्रिपमध्ये कॅमेऱ्याची नेहमीची लहान बॅटरी घातली, तर वेगात काही फरक पडत नाही. कारण वेग वाढतो तो वाढलेल्या दाबामुळे. टाकी उंच केल्याशिवाय नळाची धार कशी जोर धरील? आणि कॅननच्या ‘५डी मार्क ३’सारख्या कॅमेऱ्यांत तर ग्रिपने वेग मुळीच वाढत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ग्रिप वीज निर्माण करीत नाही. ती साठा वाढवते, आणि त्याबरोबर सांधेही वाढवते. बॅटरी थेट कॅमेऱ्यात असली तर धातूला धातू एकाच ठिकाणी टेकतो. ग्रिपमध्ये आधी बॅटरी तबकाला टेकते, तबक ग्रिपला टेकते, आणि ग्रिप कॅमेऱ्याला टेकते. एकाचे तीन सांधे झाले. पाण्याचा पाइप फुटतो तो सहसा सांध्यावरच. तसेच ग्रिपच्या तक्रारी बहुतेक सांध्यांपाशीच सुरू होतात. कोकणपट्टीतला दमटपणा, हाताचा घाम, हळदीची पूड आणि मागाजवळची कापसाची तूस, हे सगळे त्या धातूच्या टिकल्यांवर बसते. बॅटऱ्यांची निगा नसेल तर ग्रिप तिच्यावरचा उपाय नव्हे. उलट दोष शोधणे आणखी अवघड होते.

मग दोष शोधावा कसा? वैद्य जसा एकेक कारण बाजूला सारत जातो, तसा. ग्रिपसह कॅमेरा चालू होत नसेल तर प्रथम ग्रिपचा स्क्रू घट्ट आहे का पाहावे. कॅमेरा खांद्यावर हिंदकळून तो सैल होत असतो. नंतर ग्रिप काढून तीच बॅटरी थेट कॅमेऱ्यात घालावी. कॅमेरा चालला तर दोष ग्रिपमध्ये किंवा सांध्यात. नाही चालला तर दुसरी, चांगली म्हणून माहीत असलेली बॅटरी घालावी. मग ग्रिपमध्ये एकावेळी एकच बॅटरी घालून दोन्ही खण तपासावेत. धातूच्या टिकल्या कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. पॉलिश कागदाने घासू नयेत, कारण वरचा मुलामा गेला की त्या लवकर गंजतात. पाच मिनिटांचे हे काम आहे, पण ते घरी करावयाचे, मांडवात नव्हे.

दुसरी तक्रार फार ऐकू येते: बॅटरी अर्धी दाखवते आणि एकाएकी कॅमेरा बंद पडतो, थोड्या वेळाने चालू केला तर पुन्हा अर्धी दाखवते! ही भुताटकी नाही, बरं का. पुन्हा त्या टाकीकडे चला. टाकीत पाणी आहे, पण खाली उतरणाऱ्या पाइपात गाळ साचला आहे. एक नळ बारीक सोडला तर पाणी येते. सगळे नळ एकदम सोडले की दाब कोसळतो. जुन्या बॅटरीत असा अडथळा वाढत जातो, आणि त्यालाच अंतर्गत रोध म्हणतात. भराभर फोटो काढताना, व्हिडिओ घेताना किंवा मोठ्या भिंगाची मोटर फिरताना वीज एकदम जास्त मागितली जाते, दाब पडतो, आणि कॅमेरा स्वतःला वाचवण्यासाठी मिटतो. विसावा मिळाला की दाब पुन्हा वर येतो. अशी बॅटरी साध्या कामाला ठेवावी. मुहूर्ताच्या वेळी तिच्यावर भिस्त टाकू नये.

ग्रिपच्या तबकात सुटे सेल घालावयाचे असतील तर सगळे एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले आणि एकाच वेळी चार्ज केलेले असावेत. ते एकामागोमाग जोडलेले असल्याने बैलजोडीसारखे असते. एक बैल अशक्त असला की दुसऱ्याचे बळ वाया जाते, आणि अशक्त सेल अधिकच बिघडतो. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत ग्रिपमधले सेल कुठल्या जातीचे आहेत, आणि आधी ग्रिपची वीज वापरायची की कॅमेऱ्यातली, हे यादीत जाऊन सांगावे लागते. सेलची जात चुकीची सांगितली तर शिल्लक विजेचा आकडा खोटा दिसतो आणि दोष बिचाऱ्या ग्रिपला मिळतो. साधे अल्कलाइन सेल काम संपल्यावर तबकात ठेवू नयेत. ते पाझरले की ग्रिप गेलीच म्हणून समजा.

चार्जिंगविषयी जुने गैरसमज अजून फिरत असतात. बॅटरी पार रिकामी झाल्याशिवाय चार्ज करू नये, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळचा. लिथियम बॅटरीला तो लागू नाही. उलट तिला वारंवार पार रिती करणे हानिकारक असते. तिचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत बॅटरीची पिशवी सोडली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. थंडीत उलटा प्रकार होतो. महाबळेश्वरच्या पहाटेच्या गारठ्यात बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते. ती संपलेली नसते, गारठलेली असते, आणि अंगाजवळच्या खिशात ठेवली की पुन्हा चालते. पावसाळ्यात धंदा मंदावतो, तेव्हा बॅटऱ्या साधारण अर्ध्या चार्ज करून, ग्रिपमधून काढून, कोरड्या आणि थंड जागी ठेवाव्यात.

आता बनावट मालाविषयी. कॅननची ही बॅटरी २००८ साली आली तेव्हा तिची क्षमता १८०० मिलिअँपिअर-अवर होती. २०२० साली आलेल्या त्याच आकाराच्या नव्या आवृत्तीची २१३० झाली. म्हणजे मोठ्या कारखानदाराला बारा वर्षांत जेमतेम १८ टक्के वाढ साधली. मग त्याच आकाराच्या, निम्म्या किमतीच्या बॅटरीवर कुणी ३००० चा आकडा छापला असेल, तर त्यावर विश्वास ठेवावा काय? आकडे छापायला शाई लागते, वीज लागत नाही! अस्सल बॅटरीत तापमान कळवणारी आणि कॅमेऱ्याशी संवाद साधणारी यंत्रणा असते. म्हणूनच परकी बॅटरी घातली की कॅमेरा कधी कधी तिला ओळखत नसल्याचा संदेश देतो. दुसऱ्या कंपनीची प्रत्येक बॅटरी वाईटच असते असे नाही. पण घेताना तिच्यावर भारतीय मानक ‘आय.एस. १६०४६’ची खूण आहे का, एवढे तरी पाहावे, आणि पक्की पावती घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. लिथियम बॅटरीत आतल्या आत दोन टोके जुळली की ती पेट घेऊ शकते. नामांकित कारखान्यांचाही माल याला अपवाद नाही. निकॉनने २०१२ साली आपल्या काही खेपेच्या बॅटऱ्या ताप धरण्याच्या भीतीने परत मागवल्या होत्या. भिवंडीत घराखाली माग आणि बाजूला सुताची नाहीतर कापडाची गासडी, अशी वस्ती दाट आहे. तेथे रात्रभर चार्जर लावून झोपणे म्हणजे गंजीत विस्तव ठेवून झोपण्यासारखे आहे. चार्जर फरशीवर किंवा कडप्प्यावर, कापडापासून दूर, आणि आपण जागे असताना लावावा. फुगलेली बॅटरी ग्रिपमध्ये दाबून बसवू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. खिशात सुट्या बॅटऱ्या नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर ठेवू नयेत. प्लॅस्टिकचे टोपण लावून ठेवाव्यात. निकामी बॅटरी उकिरड्यावरही टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती गोळा करून तिची योग्य विल्हेवाट लावणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे. म्हणून ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. हे सारे मोबाइललाही लागू आहे, आणि मोबाइल तर आता घरोघर आहे.

शेवटी नियोजन. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. समजा, आपल्या कॅमेऱ्यात एक बॅटरी लग्नाच्या कामात ७०० फोटो देते असा अनुभव आहे. हळदीला ९०० आणि लग्नाला १२०० फोटो निघणार असतील, तर एकूण २१०० साठी तीन बॅटऱ्या लागतील. पण बॅटऱ्या जुन्या होतात, वेळ लांबते. म्हणून चार न्याव्यात. दोन ग्रिपमध्ये आणि दोन खिशात. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहावा. सहा महिन्यांतून एकदा ती पूर्ण चार्ज करून, व्हिडिओ सुरू ठेवून, कॅमेरा बंद पडेपर्यंत किती मिनिटे चालते ते मोजावे. कार्ड भरले किंवा मध्येच व्हिडिओ थांबला, तर तेवढा वेळ सोडून हिशेब धरावा. हे आकडे वहीत उतरवले म्हणजे कोणती बॅटरी कधी थकली ते आपोआप दिसते.

शिक्षक बंधुभगिनींना याच वहीत एक चांगला प्रयोग सापडेल. व्होल्ट आणि अँपिअर फळ्यावर शिकवले की मुलांना कोरडे वाटतात. शाळेतल्या एखाद्या जुन्या आणि एखाद्या नव्या मोबाइलची बॅटरी किती मिनिटे पुरते ते मुलांनी मोजावे, त्याचा आलेख काढावा, आणि बॅटरी म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्या मुलांपैकीच कुणी उद्या खांद्यावर कॅमेरा टाकून मांडवात उभा राहील. नवी ग्रिप घ्यावी की जुनी बॅटरी बदलावी, याचा निर्णय दुकानदाराच्या तोंडाकडे न पाहता त्याला स्वतःच्या वहीवरून घेता आला, तर शाळेतला तो तास सत्कारणी लागला असे म्हणावयास हरकत नाही.